माहेरची झबली

बाळाच्या अंगाला पहिलं कापड कोणतं लावायचं, हे सुचिताने सातव्या महिन्यातच ठरवायला घेतलं होतं. त्याला कारण झालं धनेशचं बोलणं. धनेश, तिचा नवरा, न्हावा शेवा बंदराजवळच्या एका गोदामात कंटेनर उतरवण्याच्या देखरेखीवर होता. एका रविवारी जेवताना त्याने सहज सांगितलं की परदेशी कपड्यांचा कंटेनर उघडला की माणसं आधी लांब जाऊन उभी राहतात. कीड लागू नये म्हणून आत विषारी धूर सोडलेला असतो, तो निघून जाईपर्यंत कुणी आत पाय ठेवत नाही. आदल्या दिवशीच्या कंटेनरमध्ये लहान मुलांचे कपडे होते. टोप्यांना सशाचे कान होते.

धनेश हसत सांगत होता. सुचिताने हातातला घास ताटात ठेवला.

त्यानंतर ती वाचत सुटली. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडाला काय लावतात, गडद रंग कशाने पक्का करतात, छातीवर छापलेल्या अस्वलात काय काय असतं. दुकानात गेली की ती आधी कपड्याचा वास घ्यायची. एका दुकानात तिने विचारलं, ऑर्गॅनिक म्हणजे नक्की काय हो? पोरगा म्हणाला, "मॅडम, ऑर्गॅनिक म्हणजे ऑर्गॅनिक." ती परत आली. मैत्रिणींनी दिलेले कपड्यांचे जोड तिने कपाटाच्या वरच्या कप्प्यात ढकलले. धनेशने चिडवलं, की मग पोराला केळीच्या पानात गुंडाळून ठेवू या. ती हसली नाही.

शेवटी तिने आईला फोन केला. पुतळाबाई बोनकोड्याला राहत. त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. नव्या कापडाला बारशापर्यंत हात लावायचाच नसतो, हे काय सांगावं लागतं? पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बाळाच्या अंगावर जुनं, मऊ, घरातलं कापड. तशी रीतच होती.

"तुज्या आजीच्या हातची झबली हायत ना पेटीत," पुतळाबाई म्हणाल्या. "हजार येला धुतलेली. रंग म्हनशील तर नावाला नाय."

सुचिताचा जीव भांड्यात पडला. आजी रखमाने आपल्या सुती लुगड्यांची ती झबली, कुंच्या आणि दुपटी शिवली होती. पत्र्याची ती पेटी आईकडून मुलीकडे अशीच येत गेली होती. ज्यात ना छपाई ना रसायन, असं कापड शोधत ती इतके दिवस फिरत होती, आणि ते तर माहेरीच पडलेलं होतं.

बाळ वाशीच्या हॉस्पिटलात झालं. मुलगा. वजन चांगलं, रडणं खणखणीत. दुसऱ्याच दिवशी सुचिता त्याला घेऊन बोनकोड्याला आली.

घर म्हणजे आता चार मजली इमारत होती. तिच्या वडिलांनी, नामदेवांनी, गावठाणातल्या जुन्या घराच्या जागी ती बांधली होती. वरचे मजले भाड्याने दिलेले, तळमजल्यावर आई-वडील. शेजारची इमारत इतकी खेटून उभी होती की मागच्या खोलीत भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. बाळंतिणीची खोली तीच. पुतळाबाईंनी तिथे शेगडी, तेलाची वाटी, ओवा, वावडिंग सगळं मांडून ठेवलं होतं. पलंगाशेजारी पेटी होती.

पेटी उघडली आणि खोलीभर वास पसरला. सुचिताने झबलं उचलून त्यात तोंड खुपसलं. हा वास ती जन्मापासून ओळखत होती. गौरी यायच्या दिवशी आईच्या पातळाला तो यायचा, लग्नाच्या शालूला यायचा, लोकरीच्या स्वेटरला यायचा. सासरी एखाद्या दिवशी कपाट उघडताना तो आला की तिला बोनकोडं आठवायचं. कपड्यांच्या घड्यांमध्ये डांबराच्या गोळ्या होत्या, काही नव्या पांढऱ्याशुभ्र, काही झिजून वाटाण्याएवढ्या झालेल्या. इथे खाडीची दमट हवा. गोळ्या नाही घातल्या तर महिन्यात कसर लागते, म्हणून पुतळाबाई दर महिन्याला नव्या घालत आल्या होत्या.

धुवून घ्यायचे का, असं सुचिताने विचारलं. आईचा चेहरा उतरला. रिठ्यात धुवून, उन्हात खडखडीत वाळवूनच तर ते ठेवले होते. सुचिताला स्वतःलाही साबणाच्या पावडरीची धास्ती होतीच. तिने विषय सोडला.

मग रोजचा क्रम सुरू झाला. बाळाला तेल चोळायचं, न्हाऊ घालायचं, पुन्हा तेलाचा हात फिरवायचा. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर झबलं ऊब येईपर्यंत ठेवायचं आणि गरमगरम बाळाच्या अंगात घालायचं. ओले झालेले कपडे धुवून गॅलरीत वाळत घालायचे, आणि वाळले की घड्या करून पुन्हा पेटीत. उघड्यावर ठेवले तर उंदीर-झुरळांचं काही सांगता येत नाही.

सुचिताला पहिल्याच दिवशी जाणवलं की आई बाळाकडे वेगळ्या नजरेने बघते आहे. हाती आलेली वस्तू आपल्या हरवलेल्या वस्तूशी ताडून पाहावी, तशी. कान बघितला, टाळूवरचा भोवरा बघितला, पायाची बोटं बघितली. कुणी बाळाचं कौतुक करायला लागलं की त्या बोलणं तोडायच्या. आणि दुपारी, घर शांत झालं की त्या या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, मान किंचित कलती करून. बाळ झोपलेलं असायचं. सुचिता विचारायची, काय गं? त्या म्हणायच्या, काय नाय, रडल्यासारका वाटला.

सुचिताला ठाऊक होतं की तिच्याआधी एक मुलगा झाला होता. शाळेत असताना शेजारच्या एका म्हातारीच्या तोंडून तिला ते कळलं होतं. घरात त्याचा विषय कधीच निघाला नाही. बारशाआधीच गेल्यामुळे त्याला नावही नव्हतं. लहानपणी, जुन्या घरात, आईला ती याच जागेवरच्या खोलीच्या दारात तशी उभी बघायची, आणि दूधवाल्याची वाट बघत असेल असं समजायची.

एकदा, सुचिता झोपली आहे असं वाटून, पुतळाबाई पाळण्यावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आलास काय रं?"

सुचिता डोळे मिटून पडून राहिली. 

दुसऱ्या दिवशी बाळ आळसावलं. छातीशी घेतलं की दोन घोट ओढायचं आणि झोपून जायचं. डोळे उघडले तेव्हा बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळसर दिसला. नामदेव म्हणाले, होते सगळ्याच बाळांना कावीळ, कोवळं ऊन द्यायला पाहिजे. गल्लीत ऊन कुठलं? ते सलग दोन सकाळी बाळाला घेऊन गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाक्यांच्या मधल्या पट्ट्यात उन्हात बसले. हॉस्पिटलने पुढच्या आठवड्यात दाखवायला सांगितलं होतं. सगळे म्हणाले, तोपर्यंत उतरेल.

 पुतळाबाईंनी बाळाला एकावर एक दोन झबली घालायला सुरुवात केली. वर कुंची, त्यावर दुपटं. ऊब कमी पडता कामा नये. खोलीतला पंखा त्यांनी बंद करवला. खिडकीला जुनं पातळ लावलं, तेही पेटीतलंच.

पाचवीची पूजा त्यांनी तिन्हीसांजेला मांडली. पाटावर तांदूळ, दिवा, सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, ते लिहिताना तिला काही कमी पडू नये, म्हणून. सुचिता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. पुतळाबाईंनी हात जोडले. त्या मनातल्या मनात बोलत असाव्यात, पण शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडलं.

"एकदा लिवलंस तेच परत लिवू नको."

सुचिताने आईकडे बघितलं. आईने दिव्याची वात सारखी केली.

सकाळी सुचिताला जाग आली तेव्हा पुतळाबाई ट्यूबलाइटखाली पाठमोऱ्या उभ्या होत्या. बाळाची ओली लंगोटी दोन्ही हातांनी ताणून त्या उजेडात बघत होत्या. तिच्यावर डाग होता, कोऱ्या चहासारखा. त्या दचकल्या नाहीत. त्यांनी नवल केलं नाही, कुणाला हाक मारली नाही. येणार हे ठाऊक असलेला पाहुणा दारात दिसावा, तशा त्या त्या डागाकडे बघत होत्या.

बाळाच्या पिवळ्या रंगाला सुचिता घाबरलीच होती. पण आईच्या त्या न दचकण्याला ती जास्त घाबरली.

दिवसभर बाळ धड प्यायलं नाही. संध्याकाळी ते रडलं. रडणं खणखणीत राहिलं नव्हतं. बारीक, चिरका, मांजरीच्या पिलासारखा आवाज. पुतळाबाई दारात थिजून उभ्या राहिल्या.

"आई," सुचिता म्हणाली, "तुला पुढचं माहीत आहे. सांग मला."

पुतळाबाईंनी दाराची चौकट धरली.

"आई, याच्यानंतर काय होतं?"

"बोलू नये त्या, बाय. बोललं का व्हतं."

"न बोलता पण होतंय ना? सांग."

मग पुतळाबाईंनी सांगितलं. भिंतीकडे बघत, सपाट आवाजात. आधी तो झोपून राहायला लागला. मग डोळे. मग लंगोटीला डाग. मग असाच रडला, असाच. बाहेर हवेत गारठा होता, त्याला थंडी बाधली असं सगळे म्हणाले. भगत आणला, अंगारा लावला. ठाण्याला न्यायची तयारी चालली होती.

"आनि मग रडायचा थांबला," त्या म्हणाल्या. "मना वाटलं, बरा वाटतंय त्याला."

सुचिताने बाळाला उचललं. सोयर अजून फिटलं नव्हतं, दिवेलागणीची वेळ होती, ओल्या बाळंतिणीने अशा वेळी उंबरा ओलांडू नये, असं पुतळाबाई म्हणत राहिल्या. सुचिता चप्पल घालायलाही थांबली नाही. नामदेवांनी गाडी काढली. गल्लीतल्या दोन मोटारसायकली सरकवून गाडी बाहेर काढेपर्यंत पुतळाबाईही मागच्या सीटवर येऊन बसल्या. बाळाला कमी पडू नये म्हणून त्यांनी पेटीतल्या कपड्यांची पिशवी भरून आणली होती.

हॉस्पिटलात लहान मुलांच्या विभागात डॉक्टर वैजयंती होत्या. त्यांनी बाळाला टेबलावर ठेवलं, अंगठ्याने बाळाच्या छातीवरची कातडी दाबून सोडली आणि रंग पाहिला. नर्सला रक्त घ्यायला सांगितलं. मग त्या एकेक विचारू लागल्या. पितो का, शू कशी होते, औषध काय दिलं, घुटी, गावठी काही?

सुचिताने सगळं नाही म्हटलं. मग कपड्यांचा प्रश्न आला आणि तिला तेवढ्यातही थोडा धीर आला, कारण निदान या विषयात ती चुकलेली नव्हती. नवं एकही कापड घातलेलं नाही, ती म्हणाली. रंग नाही, छपाई नाही, केमिकल म्हणून काहीच नाही. माझ्या आजीच्या हातचे जुने सुती कपडे आहेत. मीसुद्धा त्यातच वाढले.

डॉक्टर बाळावर वाकलेल्या होत्या. त्या आणखी खाली वाकल्या आणि त्यांनी कुंचीचा वास घेतला.

"हे कपडे कुठे ठेवता?" त्यांनी विचारलं.

"पेटीत," पुतळाबाई म्हणाल्या.

"पेटीत काय घालता?"

"गोल्या. डांबराच्या." पुतळाबाईंनी जरा ताठ होऊन सांगितलं. "दर म्हैन्याला नव्या. एक कसर नाय लागू दिली मी."

डॉक्टरांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी भराभर बाळाचे कपडे काढायला सुरुवात केली. कुंची, वरचं झबलं, आतलं झबलं, लंगोटी. अंगावरचं तेल कोमट पाण्याने पुसून काढायला सांगितलं. काढलेले कपडे आणि पुतळाबाईंच्या हातातली पिशवी नर्सने प्लास्टिकमध्ये बांधून इमारतीबाहेर नेली. पुतळाबाईंचे हात पिशवी धरल्यासारखे तसेच राहिले.

बाळाला आत नेल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. त्या घाईत होत्या, पण त्यांनी नीट समजावून सांगितलं.

"गोळी झिजत जाते, पाहिलंय ना तुम्ही? कुणी खात नाही, पाण्यात विरघळत नाही. मग ती जाते कुठे? तिची वाफ होते. दिसत नाही, पण ती वाफ कपड्यांत शिरते. बाळ ती श्वासातून घेतं, कातडीतून घेतं. तेल लावलेल्या कातडीतून जास्तच."

बहुतेक मुलांना त्याने एवढं होत नाही, त्या म्हणाल्या. पण काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते, तांबड्या पेशींना सांभाळणारी. एरवी ती मुलं अगदी धडधाकट असतात. अशा बाळाच्या अंगात ही वाफ गेली की पेशी फुटायला लागतात. त्यातूनच कावीळ, त्यातूनच शूचा तो रंग. या बाळाचं तेच असावं असं मला वाटतं, नक्की तपासणीत कळेल, पण त्याची वाट बघत मी बसणार नाही. रक्त बदलावं लागेल. कावीळ मेंदूत चढण्याआधी.

सुचिताने विचारलं, वाचेल ना? डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही आज आणलंत हे बरं केलंत. त्यांनी हो म्हटलं नाही.

धनेश उलव्याच्या त्यांच्या घरून आला. बाळाच्या अंगातलं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरलं गेलं. मग त्याला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. सुचिताला काचेतून बघता येत होतं. डोळ्यांवर पट्टी, कमरेला हॉस्पिटलच्या कापडाचा एक छोटा तुकडा, बाकी उघडं. निळ्या उजेडात त्याची छाती भरभर हलत होती. तिने सातव्या महिन्यापासून त्याच्यासाठी कापड शोधलं होतं, आणि आता त्याच्या अंगावर काही नाही म्हणून तो जगण्याची आशा होती.

तिला राहून राहून आठवत होतं की पेटी उघडल्यावर आपणच झबल्यात तोंड खुपसलं होतं. दुकानातल्या प्रत्येक कपड्याचा वास घेऊन तो नाकारणारी ती, या वासाला माहेर समजली होती.

पुतळाबाई काचेजवळ आल्या नाहीत. त्या बाकावर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की काविळीचा आकडा उतरतो आहे. संध्याकाळी बाळ रडलं, मोठ्याने, रागाने. नर्स हसून म्हणाली, आता भूक लागली साहेबांना. धनेश कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सुचिता खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

त्यानंतर डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली. हे आईकडून येतं, त्या म्हणाल्या. आईला स्वतःला काही होत नाही, मुलींना सहसा होत नाही. त्रास होतो तो मुलग्यांना, तोही सगळ्यांना नाही. तुमच्या माहेरी, आजोळी, लहान मुलगे असे कधी गेलेत का?

सुचिताने आईकडे बघितलं. हे उत्तर आईच्या वतीने आपण द्यावं की नाही, तिला कळेना.

"एक व्हता," पुतळाबाई म्हणाल्या. "मोटा. हिच्या आदी."

सुचिताने आयुष्यात पहिल्यांदा आईच्या तोंडून ते ऐकलं.

"त्याला पन ह्येच घातलेलं," पुतळाबाई पुढे म्हणाल्या. "ह्येच झबलं. ह्याच गोल्या."

डॉक्टरांनी जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, तेव्हा तपासणी झालेली नाही. त्याचं काय झालं, ते आज मला सांगता येणार नाही."

"मी इचारत नाय, बाय," पुतळाबाई शांतपणे म्हणाल्या. "सांगते."

बाळाला सोडलं त्या दिवशी सुचिता गोंधळलेली होती. बाळंतपण माहेरीच पुरं करायचं असतं. सासरी गेली तर आईला काय वाटेल? बोनकोड्याच्या घरात तो वास गाद्यांना होता, पडद्यांना होता, भिंतींना होता. पुतळाबाईंनीच सांगून टाकलं, तू उलव्याला जा. आणि स्वतः रिक्षा करून निघून गेल्या. बाळाला हात लावला नाही.

उलव्याच्या घरात बाल्कनीत दिवसभर ऊन असायचं. मैत्रिणींनी दिलेल्या जोडांतले साधे सुती तेवढे निवडून सुचिताने पुन्हा पुन्हा नुसत्या पाण्यात धुतले आणि उन्हात टाकले. धनेश जवळच्या विमानतळावरच्या विमानांच्या आवाजाबद्दल कुरकुर करायचा. बाळ त्या आवाजातही झोपायचं. त्याचा रंग परत आला होता. तरी सुचिता रोज सकाळी लंगोटी उजेडात धरून बघायची, आणि बघताना आपण अगदी आईसारख्या उभ्या आहोत हे तिच्या लक्षात यायचं.

काही दिवसांनी पुतळाबाई आल्या. अंगावर कोरी साडी होती. नव्या कापडाची करकर ऐकू येत होती. बाकी सगळ्या साड्यांना वास येतो, म्हणून वाटेत घेतली, त्या म्हणाल्या. सुचिताने ती बदलून आपला धुतलेला गाऊन घालायला दिला. तरीही त्या पाळण्यापासून लांब, दाराशी बसल्या. सुचिता म्हणाली, घे ना त्याला. त्यांनी मान हलवली.

मग पाळण्याकडे बघत त्या बोलल्या.

"दुपारचा तो रडतंय त्या खोलीत. तेव्हापासून. कोनाला ऐकू येत नाय, मना येतो. इतकी वर्सं मना वाटायचा, थंडी वाजतंय त्याला. म्हनून मी त्याचे कपडे जपले. गोल्या घातल्या." त्या थांबल्या. "तो कपडे काढ म्हनत व्हता, बाय. मना कललाच नाय."

 तुला कसं कळणार होतं, हे वाक्य सुचिता हॉस्पिटलात बऱ्याचदा बोलून चुकली होती. ते आईपर्यंत पोचत नव्हतं. तिने उठून बाळाला उचललं आणि काही न विचारता आईच्या मांडीवर ठेवलं. पुतळाबाईंनी हात वर उचलून धरले, तापलेल्या तव्याजवळ धरावेत तसे. बाळाने पाय झाडले, तेव्हा ते पडू नये म्हणून त्यांना हात खाली आणावेच लागले.

त्या आल्या होत्या वेगळ्याच कामासाठी. घणसोलीला त्यांची मोठी बहीण वेणूबाई राहत होती. वेणूबाईंच्या मुलीची मुलगी, ज्ञानेश्वरी, आठव्या महिन्यात होती. वेणूबाईंचा फोन आला होता की पेटी आता इकडे पाठव, पोरगी बाळंतपणाला आलीय.

सुचिता म्हणाली, सांग की उंदरांनी कपडे कुरतडले. पेटीच गेली म्हण. तेवढ्याने भागेल.

"मग ती तिच्या कपाटातलं काडील. तिच्याकडं पन गोल्या हायतच." पुतळाबाईंनी बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवलं. "आनि रक्त तर तेच हाय ना गं?"

वेणूबाईंचे दोन मुलगे गेले होते. दोन्ही बारशाआधी. त्यांनी त्याचा आळ धाकट्या जावेवर घेतला होता. जाऊ बाळंतिणीच्या खोलीत नको त्या वेळी आली, तिची नजर लागली, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं. ती जाऊ मरेपर्यंत वेणूबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. तिच्या मयतालाही गेल्या नव्हत्या. हे सुचितालाही माहीत होतं, सगळ्या गोतावळ्याला माहीत होतं.

फोनवर सांगू या का, असं सुचिताने विचारलं. पुतळाबाई नाही म्हणाल्या. हे फोनवर सांगायचं नसतं.

धनेशने गाडी काढली. घणसोलीला वेणूबाईंच्या दारासमोर तो बाळाला घेऊन गाडीतच थांबला. सुचिता आईबरोबर आत गेली. वेणूबाई आता वाकल्या होत्या, पण जीभ तल्लख होती. त्यांनी दोघींच्या मागे दाराकडे बघितलं.

"पेटी नाय आनली? का गं पुतले, सोन्याची हाय काय, सोडवत नाय तुला?"

ज्ञानेश्वरी हसली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पावलं सुजलेली होती. तिने सुचिताला बाळाचं विचारलं. आता बरा आहे, सुचिता म्हणाली. सोनोग्राफीच्या वेळी आपलं बाळ कसं तोंड लपवून बसलं होतं, ते ज्ञानेश्वरी सांगू लागली. वेणूबाईंनी चहा टाकला, बशीत बिस्किटं काढली, नातजावयाच्या कामाचं सांगितलं, आणि सगळं करून त्या बहिणीसमोर येऊन बसल्या. पुतळाबाईंनी चहाला हात लावला नव्हता.

"वेनू," त्या म्हणाल्या, "तुज्या पयल्याला काय घातलेलं, आठवतंय?"

 वेणूबाईंचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं.

"आयची झबली. दुसरं काय व्हतं तवा?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला पन तीच. का?"

पुतळाबाईंनी आधी ज्ञानेश्वरीच्या पोटाकडे बघितलं. मग बहिणीकडे. सुचिताला वाटलं, आई आता उठेल आणि निघून जाईल.

"का गं?" वेणूबाईंनी पुन्हा विचारलं.

पुतळाबाई खुर्चीवरून उठून खाली, बहिणीच्या पायांशी जमिनीवर बसल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, घट्ट, सुटू नयेत असे.

"सांगते," त्या म्हणाल्या. "ज्ञानू, तू पन हिकडं ये. तुज्यासाठीच सांगते."